मनीची आई

त्या काळी परगावी मुक्कामाला आलेल्या बाईला दारातच दोन प्रश्न विचारले जात. एक, कितीजण आहात? आणि दुसरा, तुम्ही कुणाच्या कोण? पुरुष आला की त्याला गाव विचारीत, काम विचारीत, फार तर तंबाखू विचारीत. बाईला मात्र कुणाची तरी कोणीतरी असल्याशिवाय ओसरीवर पाय टाकता येत नसे. अमक्याची बायको, तमक्याची आई, फलाण्याची बहीण. मी यातली कोणीच नव्हते. नवऱ्याचा चेहरा नीट लक्षात राहायच्या आतच तो गेला. सासरच्यांनी मला माहेरी पोचवलं आणि माहेरच्यांनी पुण्याला एका बायकांच्या संस्थेत. तिथं मी शिवण शिकले, आणि पुढं संस्थेनं मला तेच शिकवायला गावोगाव धाडायला सुरुवात केली. भोर, विंझर, वेल्हे हा माझा फिरतीचा मुलूख. ही हकिकत दुसरी लढाई सुरू व्हायच्या बरीच आधीची.

माझं सामान ठरलेलं असे. एक हातमशीन, एक वळकटी, कपड्यांचं गाठोडं आणि एक झाकणाची करंडी. करंडीत मनी.

संस्थेच्या शिवणवर्गात चिंध्यांच्या टोपलीत एका मांजरीनं पिलं घातली होती. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. या बाईनं बाकीची सगळी फिरवली आणि एक आमच्या टोपलीत विसरून गेली. पांढरंशुभ्र पिलू, पाठीवर मात्र काळं ठिगळ, शिवणाच्या बाईला शोभेल असंच. संस्थेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "एक तर ही राहील, नाही तर तुम्ही." मी म्हटलं, "आम्ही दोघीही राहत नाही, फिरतीवर जातो." नाव ठेवायला मी काही डोकं चालवलं नाही. आपल्याकडं मांजर म्हटली की मनी. घरातली धाकटी मुलगीही बहुधा मनीच असते, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण आलं नाही.

मनी आली आणि माझ्या बोलण्यात "आम्ही" हा शब्द आला. आम्ही उद्या निघतो, आम्हाला दूध लागतं, आमचं जेवण झालं. हसायचं तर हसा. ज्या माणसानं वर्षानुवर्षं नुसतं "मी, मी" केलंय त्यालाच या शब्दाची चव कळेल. पहिल्या प्रश्नाला मी छातीठोक उत्तर देऊ लागले, "दोघी." लोक माझ्या पाठीमागं दुसरी बाई शोधायचे.

मांजर घेऊन मुक्काम शोधणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. बैल घेऊन या, घोडा घेऊन या, कुणी ब्र काढणार नाही. मांजर म्हटलं की कपाळाला आठ्या. दूध सांडेल, सोवळ्यात शिरेल, आडवी जाईल. आडवी जाण्याचं मला नवल नव्हतं. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला मांजर आडवं गेलं तर तो चार पावलं मागं सरायचा, आणि मी मोकळ्या कपाळाची समोरून आले तरी तेच करायचा. आम्ही दोघी एकदम दिसलो तर बिचाऱ्यानं काय करावं? एका गृहस्थांना मी भोरच्या पेठेत असं परत घरात गेलेलं बघितलंय. बहुधा ते त्या दिवशी बाहेरच पडले नसावेत.

भोरच्या धर्मशाळेचा रखवालदार नियमाचा पक्का. म्हणाला, "जनावरं अंगणात. बैल, तट्टू, सगळी दावणीला. नियम म्हणजे नियम."

"मांजर दावणीला बांधू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मलाही राग चटकन येतो. मी परकराची नाडी काढली, एक टोक मनीच्या गळ्यात सैलसर बांधलं, दुसरं दावणीच्या खुंट्याला. दोन्हीकडं दोन दांडगे बैल रवंथ करत होते आणि मध्ये ही मूठभर मनी. मी आत जाऊन वळकटी सोडली. थोड्या वेळानं रखवालदाराची हाक आली. मनी नाडीतनं निसटून त्याच्याच घोंगडीवर पाय ताणून पडली होती. मी म्हटलं, "मी जनावर नियमाप्रमाणं अंगणात ठेवलं होतं. पुढचं तुमचं तुम्ही बघा." पुढच्या खेपेला त्यानं आपणहून विचारलं, "आणलंय का तुमचं वाघरू?" तेवढ्यावर मी त्याला माफ करून टाकलं.

मला भीती होती ती वेगळीच. जो तो एकच सांगायचा, कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला. मोटारीत शेजारी बसलेली बाई सांगायची, धर्मशाळेतला वाटसरू सांगायचा, कुणी विचारलं नसलं तरी सांगायचा. ही तुमच्याजवळ नाही राहायची बाई, हिला घर पाहिजे. आणि माझ्याजवळ सगळं होतं, घरच तेवढं नव्हतं. म्हणून माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा मी तिच्या करंडीत कायम घालून ठेवी. जिथं जाऊ तिथं तिला वास माझाच यावा. तो तुकडा धुवायचाही माझ्या जिवावर येई.

विंझरला मी पहिल्यांदा गेले ते दिवाळी उरकल्यावर. भोरचा एक गाडीवान नसरापूरवरनं आतल्या गावांत मीठ, कापड, रॉकेल पोचवायचा. मुसलमान म्हातारा, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. मी त्याला चाचा म्हणे. चाचा आठवडाभर आधी विंझरला जाणार होता, म्हणून मी त्याच्याबरोबर तोंडी निरोप दिला. म्हटलं, "शिवणाच्या बाई येतायत, बरोबर मनी आहे, राहायची सोय करा, एवढं सांगा." मांजर बरोबर आहे हे आधीच सांगितलेलं बरं, दारात वाद नको, असा माझा हिशेब.

चाचानं निरोप अक्षर न्‌ अक्षर दिला. तिकडं त्याला काय काय विचारलं गेलं ते मला नंतर कळलं.

आठवड्यानं चाचाच्याच गाडीतनं आम्ही विंझरात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. एका शेतकऱ्याच्या घराच्या सोप्यात माझी सोय केली होती. दारात चाळिशीची एक बाई उभी होती, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या लेकरावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं आणि मग आत घ्यायचं, अशी तिकडची रीत. तिनं गाडीत डोकावून बघितलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा गाडीत बघितलं.

"पोर कुठं हाय?"

"कुठली पोर?"

"मनी."

"ही काय," म्हणून मी करंडी पुढं केली.

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आगं बया! लेकरू करंडीत घातलंया व्हय?"

तेवढ्यात करंडीतनं आवाज आला. त्या आवाजाला कुणी लेकराचा म्हणणं शक्य नव्हतं. शेजारच्या दोघी-तिघी बायका मनी बघायला जमल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. घरची बाई चाचाकडं वळली. "तुमीच म्हनला न्हवं, ल्हान हाय, गुणाची हाय, दूधभात खाती?"

"मंग म्या काय खोटं बोललो?" चाचा म्हणाला. "इचार की बाईस्नी. दूधभात खाती का न्हाई?"

"आन म्या इचारलं, आईबिगर ऱ्हाती का, तर म्हनला, न्हाई, संगं संगंच आसती."

"आसतीच की!"

आता सगळेच हसत होते. तिचा कारभारी बैलांना वैरण टाकता टाकता हसत होता. ती बाई तेवढी हसत नव्हती. माझी नजर तिच्या पाठीमागं सोप्यात गेली. तिथं माझ्या पाटाशेजारी एक लहान पाट मांडला होता. त्याच्यापुढं लहान थाळी, थाळीत शेवयांची खीर. वळणीवर घडी घातलेला हिरवा परकर. तो तिच्या लेकीचा. एकुलती एक लेक, गेल्या साली घाटाखाली दिली होती, आणि वर्ष झालं तरी सासरच्यांनी माहेरी धाडली नव्हती. घरात लहान मुलगी मुक्कामाला येणार म्हणून तिनं तो परकर ट्रंकेतनं काढून धुवून ठेवला होता.

शरम वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. जी मुलगी नव्हतीच तिच्यासाठी पाट मांडला होता, खीर केली होती. मी जन्मभर असून माझ्यासाठी कधी कुणी पाणी तापवून ठेवलं नव्हतं. मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, आता म्हणेल, मांजराला घरात जागा नाही. मग मांजर आणि मी मिळून देवळाची वाट धरायची.

ती हातातल्या भाकरीकडं बघत म्हणाली, "हातात घेतलाया तर आता माघारी कशाला न्ह्यायचा?" आणि तिनं तो तुकडा करंडीवरनं तीनदा ओवाळला. मग माझ्याकडं आली. मी मागं सरले. माझं कपाळ तिला दिसत नव्हतं असं नाही.

"मला कशाला?" मी म्हटलं.

"लेकरासंगं आईची बी दिष्ट काडायची आसती," ती म्हणाली, आणि माझ्यावरनं ओवाळून तुकडा लांब भिरकावला. माझ्या पायांवर पाणी घातलं. लग्नात वरात दारात आली तेव्हा हे एकदा झालं होतं. तेव्हा मला पाण्याचा गारवा काही कळला नव्हता. या वेळी कळला.

खीर मनीनंच खाल्ली. लहान थाळीत, लहान पाटासमोर बसून.

त्या बाईला मी आक्का म्हणू लागले. ती मला पहिले दोन दिवस "बाई" म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी तिनं परसातनं हाक मारली, "ओ मनीच्या आई, न्याहारी निवतीया!" ती हाक शेजारणीनं ऐकली. शेजारणीनं ती पाणवठ्यावर नेली. मी शिवणाचा वर्ग मारुतीच्या देवळात घेत असे. दुसऱ्या दिवशी तिथं आलेल्या सगळ्या बाया मला मनीची आई म्हणू लागल्या. मी आधी चिडले. म्हटलं, "मांजराची आई म्हणजे मीही मांजरच झाले की!"

"व्हय," एक म्हातारी म्हणाली, "उलटी टीप पडली की वरडता बी तशाच."

देऊळ दणाणलं हसण्यानं. मी तोंड फुगवून मशीनचं चाक फिरवत बसले. पण पुढं पुढं मी त्या हाकेची वाट बघायला लागले. रस्त्यानं जाताना कुणी नुसतं "बाई" म्हटलं तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. "शिवणाच्या बाई" हे माझ्या कामाचं नाव होतं, मशीन परत केलं की तेही जायचं. हे नाव कुणाचं तरी कोण असल्याचं होतं. मांजराचं का असेना.

मनी त्या घरात फार रमली, आणि तेच माझ्या उरावर बसलं. करंडीतला लुगड्याचा तुकडा तसाच पडून राही आणि बाईसाहेब हिरव्या परकरावर चुलीशेजारी. आक्का भाकरी थापताना तिच्याशी घाटाखालच्या लेकीशी बोलावं तसं बोलायची. "खाल्लंस का गं? सासू बरी हाय का?" मनी डोळे मिटून ऐकून घ्यायची. मी हाक मारली तर कान हलवायची आणि आक्कानं मारली तर उठून जायची. मला हे दिसत होतं. आक्कालाही दिसत होतं. आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नाही.

वेल्ह्याला निघायच्या दिवशी आक्कानं मनीला स्वतः करंडीत घातलं. वर एक रिकामं पोतं दिलं. म्हणाली, "करंडी ह्यात घाला. तुमच्या करंडीला फटी हायत. मांजराला वाट दावू नगा, दिसली तर माघारी येतंय."

गाव सुटेपर्यंत मी पोतं घट्ट धरून बसले होते. चाचा पुढं मुका झालेला. वाट चढाची, दोन्हीकडं वाळलेलं गवत, माणूस नाही की काणूस नाही. समोर तोरणा वर वर यायला लागला. पोत्यातनं आवाज नाही, चाचाचा आवाज नाही. पंधरा दिवस सतत कुणी ना कुणी माझ्याशी बोलत होतं, त्यामुळं ती शांतता मला सोसेना. मी पोतं खाली ओढलं, करंडीचं झाकण उघडलं आणि मनीला मांडीवर घेतलं. "हा बघ तोरणा. ही नदी. हे मागं राहिलं ते विंझर." तिला सगळं नीट दाखवलं. ती मान उंच करून अगदी लक्ष देऊन बघत होती.

वेल्ह्याला मुक्काम देवीच्या देवळामागच्या खोलीत. आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी करंडी रिकामी दिसली.

मी हाका मारत सुटले. "मने! ए मने!" दोन आळ्या ओलांडल्या तेव्हा दाराबाहेर माणसं यायला लागली. "काय झालं वो बाई?" मी सांगितलं, मनी हरवली. कसलीही चौकशी न करता पुरुष ओढ्याकडं धावले. बाया विहिरीत वाकून बघू लागल्या. एकीनं पदरानं डोळे पुसत विचारलं, "केवढी हाय? अंगात काय व्हतं?"

"पांढरी आहे," मी म्हटलं. "पाठीवर काळं ठिगळ."

त्या बाईचा हात पदरातच राहिला. मग ओढ्याकडून परतलेल्या माणसांना कुणीतरी सांगितलं. एक गृहस्थ खूप चिडले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. "मांजरासाठी सारा गाव पळवला व्हय?" एक म्हातारा समजुतीनं म्हणाला, "बिबट्या हिंडतोय बाई ह्या अंगाला. मांजराचं काय ऱ्हातंय?" मग ज्याला त्याला आपलं काम आठवलं. पाहता पाहता आळी मोकळी झाली आणि मी एकटी मध्ये उभी राहिले. एवढे लोक माझ्यासाठी पळाले होते, आणि ते माझ्यासाठी नव्हतेच, हे कळल्यावर जो एकटेपणा आला तसा त्याआधी कधी आला नव्हता. मी खोलीत येऊन रडले. मांजरासाठी रडणारी बाई कशी दिसते हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून दार लावून रडले.

वेल्ह्याचे दिवस मी कसेबसे ढकलले. शिकवताना माझ्या हातून कापड वाकडं कापलं जाई. इथं मला कुणी मनीची आई म्हणत नव्हतं, मांजरवाल्या बाई म्हणत. मुक्काम संपल्यावर चाचा न्यायला आला. गाडीत बसता बसता मी त्याला विचारलं, "विंझरला थांबला होतात का?" तो म्हणाला, "थांबलो व्हतो. पर तुमीच बघा आता." म्हाताऱ्याला तोंडी निरोपाची धास्ती बसली होती.

आक्काच्या दारात उतरले. मनी चुलीशेजारी हिरव्या परकरावर होती. एक कान फाटलेला, पाय अजून सुजलेले, अंग वाळून काडी झालेलं. कारभारी म्हणाला, "एक दिस दावणीपाशी यिऊन पडली. वाटलं, मेली."

आक्का म्हणाली, "न्या तुमची लेक. दूध पाजून पाजून जगीवलीया."

मी मनीला उचललं. ती माझा हात चाटू लागली, हे मला सांगितलंच पाहिजे. तिनं मला ओळखलं होतं. मी तिला करंडीत ठेवलं, लुगड्याचा तुकडा तिच्याभोवती गुंडाळला. ती उठली, करंडीतनं बाहेर आली आणि लंगडत लंगडत चुलीपाशी जाऊन बसली. मी पुन्हा ठेवलं. ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिला उचलायला माझा हात धजेना.

मला राग आला. खूप आला. माझ्या चिंध्यांत वाढली, माझ्या ताटातलं खाल्लं, आणि हिला घर पाहिजे! मी आक्काला टाकून बोलले, "तुमच्याकडं घर आहे, चूल आहे, कारभारी आहे. तुमच्याकडं सगळंच येतंय." बोलून गेल्यावर वाटलं, आता ही मला बाहेर काढेल.

आक्का चुलीपाशी मनीजवळ जाऊन बसली. मग म्हणाली, "सगळं कुठं? माझी म्या दिलीच की घाटाखाली." मनीच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "तिचा राग धरू नगा. लेक दिली आसं समजा. माझी लांब गेली, तुमची माझ्या घरात दिली. तुमी येत जावा."

मी करंडी रिकामीच घेऊन निघाले. आक्कानं ती गाडीत चढवून दिली. मी मागं वळून बघितलं नाही, कारण मनी दारापर्यंत आली नसणार हे मला माहीत होतं आणि ते बघायचं नव्हतं.

भोरच्या धर्मशाळेत रखवालदारानं विचारलं, "कितीजण?"

"एकटी."

त्यानं करंडीकडं बघितलं. "आणि ते वाघरू?"

"सासरी दिलं," मी म्हटलं. तो खो खो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला आणि खोलीची किल्ली हातावर ठेवून गेला. त्या खोलीत झोपताना मी करंडी उशाशी घेतली. पुढं त्यात दोऱ्याची रिळं ठेवू लागले, पण तो लुगड्याचा तुकडा मात्र काढला नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. दुसऱ्याला मी पूर्वीसारखीच काहीबाही सांगत असे. संस्थेची बाई, शिवणाची बाई.

दरसाल विंझरला मुक्काम झाला की मनी मला भेटायची, पायात घोटाळायची, आणि चुलीकडं परत जायची. मग संस्थेनं मला दुसऱ्या मुलखात घातलं. मनी गेल्याचं मला चाचाकडून कळलं, पुण्याच्या मोटारतळावर. आक्कानं तिला परसात शेवग्याखाली पुरलं होतं. चाचानं एवढंच सांगितलं आणि मग माझ्या हातातलं गाठोडं उगाचच घेतलं.

लढाईच्या दिवसांत मला पुन्हा एकदा विंझरला जायचं झालं. केस पिकायला लागले होते. आता सोबत मशीन नव्हतं, करंडीही नव्हती. गावाच्या तोंडाशी पाणवठ्यावर बाया होत्या. त्यांतली एक थोराड बाई माझ्याकडं टक लावून बघत राहिली आणि ओरडली, "आगं, मनीची आई!" बाकीच्या गोळा झाल्या. मशीन कुठं आहे, केस किती पिकले, तुमच्या वर्गात शिवलेली चोळी अजून टिकलीया, असं सगळं एकदम सुरू झालं. त्यांच्यात एक नवी सून होती, त्या साली लग्न होऊन आलेली. तिला मनी ठाऊक असायचं कारण नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं मला रीतीनं विचारलं, "मनी कुठं दिलीया वो तुमची?"

जुन्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. एकीला हसू आवरेना, तिनं तोंड फिरवलं. मी त्या पोरीकडं बघितलं. ती अगदी मनापासून विचारत होती. हे नाव गावात एवढं मुरलं होतं की त्यातलं मांजर नाहीसं होऊन नुसती लेक उरली होती.

"इथंच," मी म्हटलं. "इथंच विंझरात दिली होती."

"बरं झालं," ती म्हणाली. "जवळ दिलेली बरी."

आक्काच्या घराशी आले तेव्हा कारभारी शेतावर गेला होता. आक्का जोत्यावर बसून शेंगा फोडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. पावलं ऐकून तिनं मान वर केली, पण नजर माझ्या बाजूनं निघून गेली.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

आयुष्यभर हा प्रश्न ऐकला की मी दारात अडखळत आले होते. त्या दिवशी अडखळले नाही.

"मी," मी म्हटलं. "मनीची आई."

आक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि जोत्यावर माझ्यासाठी जागा केली. "मंग दारात का हुबी?" ती म्हणाली. "ये की आत."